हजेरीबाबूचा फोन

१

भीमराज नगराळे सप्टेंबरात वारले. डिसेंबरात, सरपंचपदाच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सव्वासात वाजता, त्यांनी बोरडोह गावातल्या तीनशे बारा मतदारांना फोन केला. प्रत्येकाला नावाने हाक मारली, जयभीम घातला आणि आपल्या मुलीला मत देऊ नका, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी प्रियंका अकरा मतांनी पराभूत झाली.

हे मला प्रियंकानेच सांगितले, निकालाच्या सहाव्या दिवशी, यवतमाळला माझ्या घरी बसून. चौतीस वर्षे मी इथल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवले. ‘लोकमत कसे घडते’ हे प्रकरण दर वर्षी माझ्याकडे असे. त्यावर दहा गुणांचा प्रश्न हमखास येई आणि विद्यार्थी वृत्तपत्रे, सभा, राजकीय पक्ष अशी घटकांची नावे लिहून आठ गुण मिळवीत. प्रियंका त्याच वर्गातली. मृत पित्याचा दूरध्वनी हा घटक मी तिला शिकवला नव्हता.

“पोलिसांत गेलीस?” मी विचारले.

“गेलती, मॅडम. साहेब हसले. म्हणे, तक्रार कोणाविरुद्ध लिहू, तुह्या बापाविरुद्ध?”

“आणि वकील?”

“ते म्हणतात, निकालापासून पंधरा दिवसांच्या आत दिवाणी न्यायालयात अर्ज टाकता येते. नऊ दिवस राह्यले. पण मी अर्जासाठी नाही आली तुमच्याकडे.” तिने चहाचा कप न उचलताच दोन बोटे दूर सरकवला. “त्या फोनात एक वाक्य आहे. ‘माह्या पोरीले मी सांगतलं होतं, उभी राहू नको.’ मॅडम, हे बाबांनी मले खरंच म्हटलं होतं. ऑगस्टात. मी नवऱ्याले सोडून आलेली, गाव सगळं उकरून काढंल, असं त्यायचं म्हणणं. आमचं मोठं भांडण झालं. खोलीत तिघंच होतो. बाबा, माय अन् मी. त्याच्यानंतर बाबा माह्याशी धड बोललेच नाही, अन् गेले.”

“कोणाला सांगितले होतेस?”

“कोणालेच नाही. लाज वाटे. गावातले अर्धे म्हणतात मशीनचा आवाज होता, अर्धे म्हणतात भीमराजबाबू मरायच्या आधी रेकॉर्ड करून ठेवून गेला. मले सरपंचपद नको आता. मले एवढंच सांगा, ते बाबा होते का?”

२

वणीहून बोरडोहकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांमुळे कडेची तूरही काळी दिसते. भीमराज या परिसरातल्या खाणीत छत्तीस वर्षे हजेरीबाबू होते. पाळी सुरू होताना फाटकाशी उभे राहून कामगारांची नावे पुकारणे हे त्यांचे काम. निवृत्तीनंतरही सारे गाव त्यांना बाबूच म्हणे. शेवटी फुप्फुसांनी दगा दिला. जूनपासून ते खाटेवर होते.

सुखीबाई नावाच्या शेजारणीने मला तो फोन ऐकवला. तिच्या फोनमध्ये सगळी बोलणी आपोआप साठत असत.

“मैनाबाई गणपत ठमके…” आवाज खोल होता आणि दर चार-पाच शब्दांनंतर श्वासासाठी अडत होता. “मी भीमराज बोलतो. जयभीम. माह्या पोरीले मी… सांगतलं होतं, उभी राहू नको. तिनं ऐकलं नाही. बापाचं ऐकत नाही ते… गावाचं काय ऐकंल. संगीताले मत द्या. माही एवढी… शेवटची गोष्ट ऐका.”

“मैनाबाई कोण?” मी विचारले.

“माही सासू. फोन तिच्या नावावर होता, आता मी वापरतो. तिले जाऊन दीड वर्ष झालं.”

“तिच्या अंत्यविधीला भीमराज होते?”

“होते म्हणजे? वंदना त्यायनंच तर घेतली! खांदाही देला.”

म्हणजे पहिला प्रश्न सुटला. ज्या बाईला त्यांनी स्वतः खांदा दिला तिला ते मत मागणार नाहीत. हा संदेश मरणापूर्वी कोणी ध्वनिमुद्रित केलेला नव्हता. एका यंत्राला आवाज दिला गेला, यंत्राला यादी दिली गेली, आणि यादी जुनी होती.

“सुखीबाई, हा खोटा फोन आहे हे तुम्हाला तेव्हाच कळले असेल.”

“कळलं ना. मेली सासू माही, मले नाही कळंल?”

“तरी मत कोणाला दिलेत?”

ती लुगड्याचा काठ बोटाभोवती गुंडाळत राहिली. “संगीताले. खोटं होतं हो, मॅडम. पण आवाज तर त्याचाच होता ना. त्या आवाजानं आमाले कधी वाईट नाही सांगतलं.”

मी वाचलेल्या कोणत्याही ग्रंथात हे वाक्य नव्हते. मतदार फसतो, असे आम्ही लिहितो. फसवणूक ओळखूनही तो केवळ शोकापोटी आज्ञा पाळतो, हे लिहायला आम्हाला जमले नाही.

नगराळ्यांचे घर पुढेच होते. पुढच्या खोलीत भीमराजांची रिकामी खाट. स्वयंपाकघर मागच्या अंगणापलीकडे. “शेवटी शेवटी बाबांचा आवाज अंगणापर्यंत पोचत नव्हता,” प्रियंका म्हणाली. “मग ते खाटेवरूनच मायच्या फोनवर बोललेलं पाठवत. ‘पाणी आण’, ‘पंखा लाव’. दिवसाला पन्नास.”

भिंतीवरच्या खिळ्याला एक पांढरा सदरा टांगलेला होता, कडक खळ घातलेला. कॉलरला इस्त्रीवाल्याची चिठ्ठी तशीच टाचलेली. “बाबांचे बाकीचे कपडे वाटून देले,” प्रियंका म्हणाली. “हा एक माय देऊ देत नाही.”

प्रियंकाची आई इंदूबाई आतून आल्या. साठीच्या, लहानखुऱ्या, हातात फोन.

“तुम्हालाही फोन आला होता, इंदूबाई?”

“आला होता.”

“ऐकवता?”

त्यांनी फोन पदरात घेतला आणि पदरावरून दोन्ही हात ठेवले, जसे थंडीत लेकराला धरतात. “माह्या फोनात काही नाही, ताई,” त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

३

आवाज यंत्राचा असला तरी यंत्राला नमुना कोणीतरी पुरवलेला असतो. प्रियंकाला संशय होता तो चुलतभाऊ धम्मरत्नचा. तो गावातल्या बुद्धविहाराचे काम पाहतो. सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव झाले नसते तर तो स्वतःच उभा राहणार होता.

“मले माहीत आहे तुमी काहून आल्या,” विहाराच्या ओट्यावर सतरंजी टाकत तो म्हणाला. “हाव, काकांचं रेकॉर्डिंग माह्याजवळ आहे. नऊ तास. दर विजयादशमीले काका दीक्षा घेतलेल्या घरांची नावं वाचत. अख्ख्या गावाची नावं, त्यायच्या आवाजात. घ्या, ऐका.”

मी ऐकले. त्या ध्वनिमुद्रणात भीमराज एका दमात चौदा नावे पुकारत होते. फाटकाशी उभे राहून, यंत्रांच्या घरघरीवरून, हजारभर माणसांपर्यंत आवाज पोचवण्याची सवय असलेला तो गळा होता. श्वास घेतल्याचे ऐकूही येत नव्हते.

“हे कधीचे?”

“तीन वर्षांपासूनचं. शेवटचं मागल्या वर्षीचं. यंदा तर विजयादशमीच्या आधीच गेले ना ते.”

मी सुटकेचा निःश्वास टाकला, त्याच्यासाठी. फोनमधला भीमराज चार शब्दांनंतर थांबत होता. यंत्र श्वासाची नक्कल करते, पण नक्कल करण्यासाठी तो श्वास त्याने आधी ऐकलेला असावा लागतो. या नऊ तासांतून तो धापा टाकणारा माणूस निघाला नसता. नमुना आजारपणातला होता, जून ते सप्टेंबर या तीन महिन्यांतला.

“आजारपणात तू त्यांचे काही रेकॉर्ड केलेस?”

“कशाले करू? मले ऐकवत नव्हतं ते.” त्याने खाली पाहिले. “प्रियंकाले वाटते मी जळतो तिच्यावर. जळलो होतो ना, खोटं कायले बोलू. पण काकांचा आवाज विकाचा? बरं, एक गोष्ट सांगतो. ऑगस्टाच्या शेवटी काकांनी मले मतदारयादीची झेरॉक्स आणाले लावली. कायले पायजे ते सांगतलं नाही. मी देली. ती यादी मले पुन्हा कधी दिसली नाही.”

निवडणुकीला विरोध करणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मतदारयादी कशाला हवी होती?

४

विजयी उमेदवार संगीता; तिचे सासरे विठ्ठलराव हे त्या पॅनेलचे सर्वेसर्वा. दहा एकर कापूस, आणि खाणीत गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेली जुनी नोकरी. म्हणजे भीमराजांच्या हजेरीतला माणूस.

“या, ताई, या. चौकशी आली म्हणा की,” त्यांनी खुर्ची पुढे केली. “मी लपवत नाही. फोनचं काम अक्षयले देलं होतं. आपल्या गावचाच पोरगा, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत त्याचा गाळा आहे. मी म्हटलं, ‘बाबा, शेवटच्या दिवशी काहीतरी जोरदार कर.’ बस्स. मले वाटलं गाणं-बिणं करंल.”

“भीमराजांचा आवाज वापरणार, हे ठाऊक नव्हते?”

“फोन मलेही आला,” ते हळू म्हणाले. “माहं नाव यादीत आहे ना. मी उचलला. माह्या मेलेल्या दोस्तानं मले सांगतलं, तुह्याच सुनेले मत दे. पूर्ण नाव घेऊन. ‘विठ्ठलराव पांडुरंग ढवस.’ छत्तीस वर्षं तो मले ‘ए ढवश्या’ म्हणे.”

“मग थांबवले का नाही?”

“सव्वासातले वाजले होते सगळे. कोणाले थांबवू?” ते उत्तर नव्हते, आणि त्यांनाही ते ठाऊक होते. “तो हजेरी कशी मांडे, माहीत आहे, ताई? हजर माणसापुढं टिंब. गैरहजर त्याच्यापुढं फुली. खाणीत कोणी मेला, का घरी मेला, तर त्याच्या नावापुढं चौकट काढे. साहेब ओरडे, फुली मार म्हणून. हा म्हणे, मेला त्याले गैरहजर मांडाचं नाही, साहेब. तो आला असता.”

अंगणात विजयाच्या गुलालाचे डाग अजून होते. विठ्ठलराव त्यांच्याकडे न पाहता बोलत होते.

“तुम्हाला त्या घरातल्या भांडणाची माहिती होती? भीमराजांनी प्रियंकाला ‘उभी राहू नको’ म्हटल्याची?”

त्यांनी चमकून वर पाहिले. “असं म्हटलं होतं त्यानं? खरंच? ताई, मले तर वाटलं ते अक्षयनं मनानं जोडलं.”

चेहऱ्यावरचे ते आश्चर्य बनावट नव्हते. पॅनेलला जे माहीत नव्हते ते पॅनेलच्या फोनला माहीत होते.

५

मी पुन्हा इंदूबाईंकडे गेले. दुपारचे दोन वाजले होते. प्रियंका दारातच थबकली. मी आत त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. काही विचारले नाही. दहा मिनिटांनी त्याच म्हणाल्या, “तुमाले ऐकाचं आहे का? एकदाच. पुरं नाही.”

त्यांनी फोनमध्ये साठलेल्या त्या संध्याकाळच्या बोलण्यावर बोट टेकवले.

“बाबू… झोपली का? मी बोलतो…”

आणि त्यांनी फोन बंद केला. डोळे कोरडे होते. चेहऱ्यावर एक प्रकारची लाज होती. त्या वयात ती मी फार थोड्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

बाहेर येऊन मी प्रियंकाला विचारले, “तुझ्या आईला बाबू कोण म्हणते?”

“मायले? कोणीच नाही. बाबू तर बाबांले म्हणत.” ती गोंधळली. “बाबा मायले ‘प्रियंकाची माय’ म्हणत. नाहीतर नुसतं ‘अवो’.”

त्याच घरात वाढलेल्या मुलीला ठाऊक नसलेली हाक. बाकीच्या साऱ्या फोनांत यंत्राने मतदारयादीतले पूर्ण नाव घेतले होते, मैनाबाईंसारख्या मृतांचेही. फक्त एका फोनमध्ये ते चुकले नव्हते, आणि तीच त्याची चूक होती. नवरा-बायकोत एकांतात चालणारी हाक जगात दोनच माणसांना माहीत असते. त्यांपैकी एक सप्टेंबरात गेले.

धापा टाकणारा आवाज एकाच फोनमध्ये साठलेला होता. भांडणाचे वाक्य ऐकणारे तिघेच होते. आणि हाक दोघांची होती. तिन्ही रेषा ज्या बिंदूवर मिळत होत्या तिथे, पदरात फोन धरून, एक विधवा बसली होती.

प्रियंकाने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. “कोण, मॅडम?”

“उद्या सांगते,” मी म्हणाले. इतक्या वर्षांत विद्यार्थ्याच्या प्रश्नापासून मी प्रथमच पळून गेले.

६

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात आधी मसाल्याची पाकिटे भरत असावेत. भिंतींना अजून हळदीचा वास होता. तीन संगणक आणि एक नम्र, हडकुळा तरुण. अक्षयने माझ्यासाठी पंखा सुरू केला.

“इंदूबाई तुझ्याकडे कधी आल्या?” मी विचारले.

‘आल्या का’ असे मी विचारले नाही, हे त्याच्या लक्षात आले. तो खाली बसला.

“मीच गेलतो, मॅडम. काकांच्या दुःखाला. काकू भिताडाले टेकून बसल्या होत्या, अन् फोनमधले ते जुने आवाज लावून ऐकत होत्या. ‘पाणी आण.’ ‘पंखा लाव.’ पुन्हा पुन्हा. मले पाहावलं नाही. मी म्हटलं, काकू, काका तुमच्याशी बोलतील असं करून देतो. एक रुपया घेतला नाही, शपथेवर सांगतो.”

“मग त्या बोलत?”

“रोज दुपारी. दोन-दोन तास. त्या जे सांगत ते मशीन लक्षात ठेवते, तसंच पुढं बोलते. तिथं त्यांचं खातं आहे.”

“आणि तो संदेश? ‘उभी राहू नको’ हे कोणी लिहिले?”

“कोणीच नाही.” त्याने हे इतक्या निरागसपणे सांगितले की माझा राग क्षणभर निराधार झाला. “विठ्ठलकाका म्हणाले, जोरदार कर. मी मशीनले म्हटलं, या आवाजात संगीताताईसाठी असा मेसेज बनव की गाव ऐकंल. दोन मिनिटांत बनवला. त्याच्याजवळ काकूंचं बोलणं होतंच, त्यातून त्यानं घेतलं. मी नुसतं बटन दाबलं.”

“आणि ‘बाबू’?”

“काय बाबू?” त्याला खरेच कळले नाही. मी सांगितल्यावर त्याने पडद्यावर काहीतरी शोधले आणि त्याचा चेहरा उतरला. “ज्या नंबरचं आधीचं खातं होतं, तिथं यादीतलं नाव सोडून खात्यातलं घेतलं त्यानं. मी तपासलं नाही. तीनशे बारा फोन होते, मॅडम.”

परतीच्या रिक्षात मी आरोपींची यादी करू लागले. एकाने ‘जोरदार कर’ म्हटले. हे निवडणुकीत सगळेच म्हणतात. एकाने बटण दाबले. यंत्राने मागितले ते दिले. एका स्त्रीने आपल्या नवऱ्याला खरे तेच सांगितले. अकरा मतांनी एक गाव लुटले गेले आणि या साखळीत हेतुपुरस्सर खोटे बोलणारा एकही माणूस मला सापडेना. कायद्याच्या पुस्तकात ‘व्यक्ती’ हा शब्द फार वेळा येतो. ती व्यक्ती कोण, हे वकिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “ते कोर्ट ठरवेल. तुम्ही तो फोन तेवढा आणा. ते खाते इंदूबाईंच्या फोनमधून उघडते. पुरावा म्हणून तो जमा करावा लागेल. परत कधी मिळेल, सांगता येत नाही.”

७

मुदत संपायला दोन दिवस उरले असताना आम्ही तिघी त्या खाटेजवळ बसलो. मी सगळे सांगितले. इंदूबाईंनी मध्ये एकदाही अडवले नाही.

“माय?” प्रियंका एवढेच म्हणाली.

“मी कोणाले नाही सांगतलं वो,” इंदूबाई म्हणाल्या. “मी त्यायलेच सांगतलं. ‘पोरगी ऐकत नाही, फॉर्म भरून राह्यली, तुमी तिले नको म्हटलं होतं, आता तुमीच समजावा.’ रोज तेच सांगत होती. नवऱ्याले नाही सांगाचं तं कोणाले सांगाचं?”

प्रियंकाने तोंड फिरवले. तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले होते, तेही नको ते अर्धे: फोनवर बाप नव्हता, पण शब्द बापाचेच होते.

“इंदूबाई,” मी म्हणाले, “त्या यंत्राला तुम्ही सांगितले तेवढेच माहीत होते. म्हणून मला आता जाणून घ्यायचे आहे ते तुम्ही त्याला न सांगितलेले. हा सदरा कधी इस्त्रीला गेला?”

त्या खिळ्याकडे पाहू लागल्या. मी चिठ्ठी वाचली होती: चार सप्टेंबर. भीमराज नऊला वारले. “जो माणूस जूनपासून खाटेवरून उठला नाही, त्याने मरणाच्या पाच दिवस आधी सदऱ्याला खळ घालून घेतली. धम्मरत्नकडून मतदारयादी मागवली. त्यांना कुठे जायचे होते?”

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि कपाटातली भांडी थरथरली.

“तारीख लागली की फॉर्म भराले,” इंदूबाई म्हणाल्या. “म्हणे, पोरगी माह्यासारखीच हट्टी आहे, ते काही मागं सरत नाही. मग आपण तिच्यासंगं जाऊ. मले खुर्चीवर बसवून न्या म्हणे. पोरांले सांग, चौघं पायजे उचलाले.”

“माय, तू मले काहून नाही सांगतलं?” प्रियंकाचा आवाज फाटला. “चार महिने! बाबा माह्यावर रागात गेले म्हणून मी चार महिने…”

“तू उभी राहू नये असं मलेच वाटे. गाव तुह्याबद्दल जे बोले ते नळावर मी आयकत होती, त्यायनं नाही आयकलं.”

“अन् फोनले काहून नाही सांगतलं? त्याले तर सगळं सांगतलं!”

इंदूबाईंनी तिच्याकडे पाहिले. असा प्रश्न कोणी विचारू शकते याचेच त्यांना नवल वाटले असावे. “त्यायनं केलेलं त्यायलेच काय सांगू?”

प्रियंका उठली. तिने सदरा उतरवला, छातीशी धरला, आणि खिशात काहीतरी करकरले. घडी घातलेली मतदारयादी. आम्ही ती खाटेवर पसरली.

पेन्सिलीच्या खुणा होत्या, थरथरत्या हाताच्या, पण एकही खूण ओळीबाहेर गेलेली नव्हती. ज्यांची मते प्रियंकाला मिळतील असे त्यांना वाटले त्यांच्यापुढे टिंब. नाहीत तिथे फुली. सुखीबाईंपुढे टिंब होते. धम्मरत्नपुढे टिंब, ठसठशीत. विठ्ठलरावांपुढे फुली, आणि ती काढताना ते हसले असावेत, कारण ती इतरांहून मोठी होती. मैनाबाईंच्या नावापुढे चौकट होती. यंत्राने त्या बाईला हाक मारली; हजेरीबाबूने तिला तीन महिन्यांपूर्वीच मानाने यादीतून उठवले होते. शेवटच्या पानावर त्यांनी टिंबांची बेरीज मांडली होती आणि तिच्याखाली तीन शब्द लिहिले होते: “पोरगी निवडून येते.”

नगराळ्यांचे घर त्याच पानावर होते. प्रियंकापुढे टिंब. भीमराज यांच्या नावापुढे चौकट. ती त्यांनी स्वतःच काढली होती. मतदानाला आपण नसणार, हे त्यांना ठाऊक होते. आणि आपल्याला कोणी गैरहजर मांडू नये, एवढी व्यवस्था त्यांनी केली होती.

इंदूबाईंच्या नावापुढे काहीच नव्हते. जागा मोकळी होती.

“माह्यापुढं काय आहे?” त्यांनी विचारले. त्यांना वाचता येत नव्हते.

“काही नाही, माय.”

त्या त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून राहिल्या. “ते मशीन आहे, हे मले माहीत होतं, ताई,” त्या मला म्हणाल्या. “मी येडी नाही. मी बोलली तरच ते बोले. मी चूप, तं तेही चूप. पण त्या सांजी मी काही नाही बोलली. फोन गवऱ्यांजवळ ठेवला होता. अन् तो आपला आपण वाजला. अन् म्हणे, बाबू. मी म्हटलं, आज हे खरंच आले.”



इंदूबाईंनी फोन मुलीच्या मांडीवर ठेवला. “घेऊन जा कोर्टात. आवाज त्यायचा आहे, बोलणं त्यायचं नाही, असं सांग साहेबाले.” मग हात पुढे केला. “पेन्सिल दे.”

त्यांना वाचता येत नव्हते, पण हजेरीबाबूच्या घरात चाळीस वर्षे काढलेल्या बाईला तीन खुणा येत होत्या. मतदानाच्या दिवशी डोके दुखते म्हणून त्या घरीच राहिल्या होत्या, हे मला नंतर प्रियंकाने सांगितले. त्या क्षणी मला दिसले ते इतकेच: त्या खाटेवर वाकल्या, आपल्या नावापुढची मोकळी जागा बोटाने पुन्हा चाचपून घेतली, आणि तिथे सावकाश, नीट, एक फुली काढली.